सावंगी घाटाची कढई

६ डिसेंबर १९२६

सकाळी धुके. नाव उशिरा लागली. दुपारी ऊन. माझी बायको मेहरबी हिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी परवा झाला, पाहुणे आज गेले.

धाकटी बहीण अमीनाबी वाशीमला परतताना म्हणाली, "भाईजान, नदीकाठी एकटे काय करता? चला आमच्याकडं." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिला कळले नाही. मलाही नीट कळले नाही. शेवटी तिची बैलगाडी निघून गेली.

मी सावंगीच्या घाटावर डिस्ट्रिक्ट बोर्डाचा मुन्शी आहे. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य, मधे पैनगंगा. येथे मोठा डोह असल्यामुळे हिवाळ्यातही नदी पायी उतरता येत नाही. नावेत कोण चढले, कोणते जनावर, कोणता माल, हे लिहून घेणे माझे काम. घाटावरच खोली आहे, तीत आम्ही राहतो. राहत होतो. मागे लिंबाखाली मेहरबीची कबर आहे.

वडिलांनी मराठी शाळेत घातले म्हणून लिहिणे मराठीत. रोजनिशी पूर्वी कधी लिहिली नाही, गरज पडली नाही. आमच्या घरात दोघांचेही बोलणे मेहरबीच बोलत असे.

९ डिसेंबर

दाट धुके. इकडचे लोक धुई म्हणतात. ती नदीवर बसली की नावाड्याला स्वतःच्या हातातल्या बांबूचे दुसरे टोक दिसत नाही.

नाव घाटाला लागायची ती वरच्या अंगाला बाभळीच्या झाडीत घुसली. पुढे हेमसिंग बसला होता. हा तांड्यावरचा, बकऱ्यांचा व्यापार करतो. तो उतरला तेव्हा त्याचे पागोटे बाभळीवर होते.

उकंडा भोई ही नाव कित्येक वर्षे चालवतो. मी त्याला विचारले, "आज काय झाले?"

"धुई लय होती, मुन्शीजी."

"धुई मागच्या वर्षीही होती."

"मागच्या वर्सी भाभीबी होती," असे म्हणून तो माझ्याकडे टक लावून पाहत राहिला.

दुःखाची गोष्ट कामात आणू नये. मी वही उघडली. हेमसिंग काठीने पागोटे काढीत म्हणाला, "सांग ना त्यायले." उकंडा म्हणाला, "तू सांग." मग दोघेही बाभळीतली नाव ओढून काढायला गेले.

१२ डिसेंबर

आकाश स्वच्छ. नाव वेळेवर.

पलीकडच्या तीरावर गोजराबाई नावाची विधवा राहते. मासे विकते. ती उकंडाची सासू. तिचे आणि मेहरबीचे वैर दोन्ही राज्यांत प्रसिद्ध होते. उजाडले की ही या काठावर उभी, ती त्या काठावर उभी, आणि पाण्यावरून भांडण सुरू. विषय एकच, आमची लोखंडी कढई. मुलीच्या, म्हणजे उकंडाच्या बायकोच्या लग्नात गोजराबाईने ती मागून नेली. मेहरबी म्हणे, परत आली नाही. गोजराबाई म्हणे, परत केली. या दोन वाक्यांवर त्या वर्षानुवर्षे सकाळ काढीत. भाषा अशी की मी खिडकी लावून घेऊन आत नोंदी पुऱ्या करीत असे.

आता ती बाई गप्प आहे. जिंकली म्हणून गप्प असावी.

आज उकंडाने तिच्याकडचे गाठोडे आणले. ज्वारीच्या भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. निरोप असा, "कुत्र्यानं तोंड लावलं नाही म्हनून मुन्शीले पाठवलं."

अपमान गिळला. भाकरी मात्र अजून गरम होती. गोजराबाईकडे कुत्रे आहे हे मला माहीत नव्हते.

१६ डिसेंबर

अपघात.

डोहाच्या खालच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. पाण्याबाहेर पाठ काढून बसलेल्या म्हशीसारखा दिसतो, म्हणून त्याला म्हैसच म्हणतात. म्हशीच्या पुढे डोह संपतो आणि पाणी मोठमोठ्या धोंड्यांतून जोरात खाली उतरते. त्या उतारात नाव सापडली तर फळीसुद्धा हाती लागायची नाही.

आज धुक्यात नाव म्हशीला घासली. माणसे वाचली. कापसाचे एक बोचके भिजले. हेमसिंगचा बोकड पाण्यात पडला आणि पोहत पुन्हा पलीकडे गेला. तिकडच्या नाक्यावरच्या शिपायाने तो परमुलखातून आलेला माल समजून बांधून ठेवला आहे.

हेमसिंग ओला होऊन वर आला. "मुन्शी, आज बोकड गेला. उद्या मी जाईन. मंग मले कोन्ता शिपाई बांधून ठेवते? मी वाशीमले अर्जी देतो."

मी म्हटले, द्यावी.

"भांडा तरी माह्याशी!" तो ओरडला. मला त्याचे म्हणणे समजले नाही.

२१ डिसेंबर

बोर्डाचे ओव्हरसियर साहेब तट्टावर आले. गोरेपान, बारीक, सारखे रुमालाने चष्मा पुसतात. खडक काठावरूनच पाहिला. मग मला म्हणाले, "या हिवाळ्यात आणखी एक अपघात झाला की हा घाट बंद. नाव खालच्या घाटावर जाईल. तुमची बदली वाशीमच्या कचेरीत."

मी मान हलवली. साहेबांना ती होकाराची वाटली.

जाताना म्हणाले, "मोठ्या नद्यांवर धुक्यात बोटी भोंगा वाजवतात. तुम्हीही काही ध्वनिसंकेत करा."

उकंडा दिवसभर नावेच्या काठावर बसून होता. "खालच्या घाटावर त्यायचे सोताचे भोई हायत. मले कोन नाव देते? मी काय हेमसिंगच्या बकऱ्या वळू?"

संध्याकाळी लिंबाखाली गेलो. पानगळ चालू आहे. कबरीवरची पाने रोज काढतो. बदली झाली तर कोण काढील?

२४ डिसेंबर

ध्वनिसंकेत सुरू केला. गावच्या शाळेची जुनी घंटा मागून आणली आणि घाटाच्या खांबाला टांगली. सकाळी धुके पडताच मी स्वतः वाजवू लागलो. त्याच वेळी पलीकडे महादेवाच्या देवळात पुजाऱ्याने घंटा धरली. पुजाऱ्याचा समज असा झाला की अलीकडे कोणी नवा देव बसवला. तो जोर करू लागला. मीही थांबलो नाही.

नाव डोहाच्या मध्यात बराच वेळ गोल फिरत होती. उतारूंना ओकाऱ्या झाल्या.

२७ डिसेंबर

घंटा बंद करून हलगी आणवली. उकंडाने सुखरूप यावे म्हणून मी ती जोरात वाजवायला लावली. नाव येण्याआधी सगळा तांडा घाटावर आला. कोणी म्हणे दवंडी आहे, कोणी म्हणे लग्न. भुरीबाई नावाची म्हातारी लग्नाचे गाणे म्हणायला उभी राहिली. लग्न नाही असे कळल्यावर तिने मला विचारले, "मंग हलगी कायले? तुमचं करता का?"

मी आत जाऊन खिडकी लावली.

नाव आज शेवटी म्हशीच्या अलीकडे बांबू रोवून थांबली आणि धुके विरल्यावर आली.

३० डिसेंबर

आज एक गोष्ट कळली. ती माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होती.

उकंडाने हलगी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. "मुन्शीजी, रागावू नोका. हे वाजवनं बंद करा. धुईत घंटा वाजली का चहूकडून वाजते. मले पुढून भाभी पाह्यजे अन् मांगून सासू."

"म्हणजे?"

"म्हनजे काय! तिकडून नाव सोडली का सासू मांगून शिव्या दे, भाभी पुढून दे. सासू बारीक झाली, भाभी मोठी झाली, म्हनजे मी मधातून पुढं आलो. भाभी उजव्या कानावर गेली, म्हनजे नाव वरतं चालली. डाव्या कानावर गेली, म्हनजे म्हैस आली, दाब! दोघीयच्या मधात शिव्याईचा दोर बांधेल होता. मी त्याले धरून येत जाव."

हेमसिंग म्हणाला, "आमी तं उतरता उतरता विचारत जाव, आज कोन जितलं."

मी विचारले, "दोघींना हे माहीत होते काय?"

उकंडा वर पाहू लागला. वर काही नव्हते. "बायकाईचं कोनी सांगावं," तो म्हणाला. मग हळूच, "सासूसंग आता तुमाले भांडा लागते."

मी स्पष्ट सांगितले की मी कोणाशी भांडत नाही. मेहरबीशी इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही भांडलो नाही.

"म्हनूनच तं ते बिचारी नदीवर जाऊन भांडे," उकंडा म्हणाला.

२ जानेवारी १९२७

भांडलो.

काल संध्याकाळी मुद्दे काढून ठेवले होते. सकाळी धुके होते. काठावर उभा राहिलो, घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणालो, "गोजराबाई, आपण आमची कढई परत केलेली नाही, असे माझ्या पत्नीचे म्हणणे होते. त्याबाबत आपला खुलासा काय आहे?"

धुक्यातल्या नावेतून कोणीतरी हसले. मग पलीकडून आवाज आला, "कोन हाय व ते? पोथी वाचून राह्यलं का?"

"मी इब्राहीम मुन्शी."

"मुन्शी? तुले आवाज हाय?" एवढे म्हणून ती थांबली. तिचा घसा बसल्यासारखा वाटला. थंडी फार आहे.

नंतर तिने सुरू केले. एकेक वाक्य ऐकून माझे कान तापले. उत्तर म्हणून मी मुद्दा क्रमांक दोन वाचला. पण नाव सरळ घाटाला लागली. थोडी खाली, पण घाटालाच.

उकंडाने उतरून माझे दोन्ही हात धरले.

५ जानेवारी

धुके. पुन्हा भांडलो. गोजराबाई पलीकडून म्हणाली, "मोठ्यानं बोल! तुह्या बायकोचं नाव बुडवू नोको! तिचा आवाज माह्या चुलीवरची भाकर करपवे, तुह्यानं तं दूधबी फाटत नाही!"

मी म्हणालो, "आपण शब्द जपून वापरावेत."

उतारूंनी निकाल दिला की गोजराबाई जिंकली. हेमसिंगने मला बाजूला घेऊन शिकवणी दिली. त्याचे म्हणणे, भांडणात 'आपण' नसते, 'खुलासा' नसतो, आणि समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे तर मुळीच नसते. त्याचा बोकड सुटून परत मिळाल्यापासून तो बरा वागतो.

८ जानेवारी

ऊन. गोजराबाई नावेतून अलीकडे आली. वाशीमच्या बाजाराला जायचे म्हणाली, पण तिच्याजवळ मासळीची टोपली नव्हती. माझ्याजवळून सरळ मागे लिंबाकडे गेली. मी खिडकीतून पाहिले. कबरीजवळ बसून बराच वेळ बोलत होती. हात नाचवीत होती. शिव्याच असाव्यात. मेलेल्या माणसाशीही वैर धरते, याचे वाईट वाटले.

बाजाराला न जाता परत गेली. कबरीवर तंबाखूची भरलेली चंची विसरली. मेहरबी तंबाखू खात असे, त्यामुळे ती चंची पाहून बरे वाटले नाही. उकंडाच्या हाती परत पाठवली.

९ जानेवारी

चंची परत आली. निरोप, "मुन्शीले म्हना, ते तुह्यासाठी नाही, गाढवा." मग कोणासाठी, ते सांगितले नाही. कपाटावर ठेवली आहे.

१३ जानेवारी

कणगीतली ज्वारी खाली गेली म्हणून आज हात खोल घातला. हाताला लोखंड लागले.

कढई.

तीच. काठावर घणाचा खोलगट डाग आहे, तो मी ओळखतो. म्हणजे इतकी वर्षे ती आमच्याच घरात होती. गोजराबाई खरे बोलत होती. मेहरबीला विसर पडला असावा. आश्चर्य असे की गंज मुळीच नाही. बोट फिरवले तर तेल लागले, आणि तेल जुने, चिकट झालेले नव्हते. जुन्या काळचे लोखंडच चांगले.

मला फार ओशाळल्यासारखे झाले. एका विधवेवर आमच्या घराने रोज सकाळी चोरीचा आळ घेतला, आणि गेले दहा-बारा दिवस तो मी स्वतः घेत आहे. उद्या कढई घेऊन पलीकडे जाऊन चारचौघांत खरे काय ते सांगणार. मेहरबीच्या आत्म्यालाही त्याने शांती मिळेल.

१४ जानेवारी

सांगितले.

कढई डोक्यावर घेऊन नावेत चढलो. उकंडाने पाहिले आणि त्याच्या हातातला बांबू सुटला. "मुन्शीजी, हे कुठी नेऊन राह्यले? खाली ठेवा. झाका ते!" मी ऐकले नाही.

गोजराबाई जाळे वाळत घालीत होती. मी तिच्यासमोर कढई ठेवली आणि उतारूंदेखत म्हणालो, "गोजराबाई, कढई आमच्याच कणगीत निघाली. तुमचे बरोबर होते. आमच्या घराच्या वतीने माफी मागतो."

तिने कढईकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिले. "तुले काढ म्हनलं कोनं ते?"

"ज्वारी काढताना सापडली."

"मंग ठेवाव की नाही पुन्यांदा! भल्या मानसा, हे काय करून बसला रे?" आणि मग अगदी हळू, "आता मी सकाळी उठून काय करू?"

ती तिथेच मातीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. इतक्या वर्षांचा कलंक गेला, त्याचे समाधान असावे. मीही समाधानाने परतलो. कढई तिने ठेवून घेतली नाही, म्हणाली, "घेऊन जा ते काळं तोंड."

परतीच्या नावेत हेमसिंग कपाळाला हात लावून बसला होता. मी विचारले, डोके दुखते काय? तो म्हणाला, "हाव. तुमचं दुखत नाही ना, म्हनून माहं दुखते."

१७ जानेवारी

धुके. काठावर गेलो. हाक मारली. उत्तर नाही. वाद मिटला आहे, त्यामुळे बोलण्यासारखे काही उरले नाही, हे आता माझ्या लक्षात आले. उकंडाने नाव सोडलीच नाही. बाजाराचे लोक पलीकडे ताटकळले. त्यांनी मला नावे ठेवली, पण तीही धुक्यात नीट ऐकू आली नाहीत.

मी उकंडाला म्हणालो, तुझ्या सासूला समजाव. तो म्हणाला, "समजावलं. ते म्हनते, खोटं भांडन मी करत नाही. मुन्शीनं माफी मांगतली, आता कोन्त्या तोंडानं शिव्या देऊ? आमच्यात इमान हाय म्हनते."

१९ जानेवारी

ओव्हरसियर साहेब आले. घाटाचा निकाल देण्यासाठी आले आहेत. आज पलीकडच्या नाकेदाराकडे मुक्काम, उद्या सकाळच्या नावेने स्वतः परत येऊन पाहणार.

साहेबांनी विचारले, "ध्वनिसंकेत केला का?"

"केला होता," मी म्हणालो.

संध्याकाळी पश्चिमेला वारा पडला. नदीवरून थंड वाफ उठत आहे. उकंडा साहेबांना पोचवून तिकडेच राहिला आहे. लिंबाखाली जाऊन आलो. पाने काढली. काही बोलावे असे वाटले, सुचले नाही.

२० जानेवारी

सविस्तर लिहितो.

सकाळी दार उघडले तर अंगणातला रांजण दिसेना. अशी धुई या हिवाळ्यात पडली नव्हती. चाचपडत काठावर गेलो. उकंडा एवढ्या धुईत नाव सोडणार नाही असे वाटले होते, पण साहेबांना घाई असावी. पाण्यावर बांबूचा आवाज आला. नाव निघाली होती.

मी ओरडलो, "उकंडा, थांब!" त्याने काहीतरी उत्तर दिले. ते वरून आले की खालून, मला सांगता येईना. त्यालाही माझे तसेच ऐकू येत असणार. मग साहेबांचा आवाज आला, "अहो, हा पाण्याचा आवाज कसला?"

तो म्हशीखालच्या उताराचा होता. मी ओळखला. उकंडानेही ओळखला, कारण त्याने "देवा" म्हटले.

मी हाका मारल्या. "गोजराबाई! गोजराबाई, बोला काहीतरी!" पलीकडे ती उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. पण ती बोलेना. खोटे भांडण ती करीत नाही.

मग मी म्हणालो. म्हणजे म्हणायचे ठरवले नव्हते.

"गोजरे! ते कढई आमची नाहीच!"

मग पुढचेही तोंडातून निघाले.

"आमची याच्याहून मोठी होती! तू बदलून देल्ली! मोठी ठेवली अन् लहानी आमच्या कणगीत आनून टाकली! चोट्टे!"

"काय म्हनला रे?" पलीकडून आले.

"चोट्टी म्हनलं! आयकू नाही येत? मासोळ्या खाऊन कान बुजले का?"

"अरे मुडद्या! परवा माह्या दारात नाक घासून गेला, अन् आज मले चोट्टी म्हन्ते? माह्या घरात तुही कढई? तुह्या घरात होतं काय, एक फुटकी परात अन् एक मुका नवरा!"

"मुका असीन, पन तुह्यासारखा उष्ट्या हंड्यात मासे विकत नाही!"

"उष्ट्या? कोन म्हन्ते उष्ट्या? थांब, येते मी तिकडे!"

"ये! येताना मोठी कढई घेऊन ये!"

ती आता थांबत नव्हती आणि मीही तिचे संपेपर्यंत थांबत नव्हतो. मधूनच उकंडाचा आवाज आला, "डाव्या कानावर! दाब, दाब!" मग बांबू खडकावर खणकला. मी आणखी जोरात ओरडलो. काय काय ओरडलो ते येथे लिहीत नाही. एवढेच लिहितो की ती सगळी वाक्ये मेहरबीची होती. मला ती पाठ आहेत हे मला ठाऊक नव्हते. मी तर रोज खिडकी लावून घेत होतो.

नाव धुक्यातून पुढे आली ती थेट माझ्या पायांपाशी. उकंडा घामाने निथळत होता आणि हसत होता. साहेब दोन्ही हातांनी नावेची कड धरून बसले होते. त्यांचा चष्मा धुक्याने पांढरा झाला होता. ते उतरले, चिखलात घोट्यापर्यंत रुतले, तसेच उभे राहिले.

मला वाटले, घाट गेला.

साहेब म्हणाले, "मुन्शी, तुमची कढई किती मोठी होती?"

मी हात पसरून दाखवली. हात थोडे जास्तच पसरले गेले.

"मग बाईंनी ती परत करायला पाहिजे," साहेब गंभीरपणे म्हणाले.

उकंडा घाईने म्हणाला, "आता नोको साहेब! धुई सरेपर्यंत तरी नोको!"

साहेबांनी चष्मा पुसला. पलीकडे गोजराबाई अजून बोलत होती. साहेब तोंड तिकडे करून बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्या वहीत शेरा लिहिला, "धुक्यातील ध्वनिसंकेताची व्यवस्था पाहिली. समाधानकारक. घाट चालू ठेवावा." सही केली आणि तट्टावर बसताना हळूच म्हणाले, "तरी पण, मुन्शी, बाई बोलतात फार छान."

हेमसिंग बाजारात जाण्यासाठी थांबला होता. त्याने निकाल दिला, "आज मुन्शी जितला." भुरीबाई म्हणाली, बरोबरी झाली.

घसा पूर्ण बसला आहे. दिवसभर खुणेने काम केले. कोणाला फरक जाणवला नाही.

संध्याकाळी

उकंडाने गोजराबाईचा निरोप आणला. सोबत केळीच्या पानात बांधलेला मरळ मासा. निरोप असा, "मांजरीनं वास घेऊन सोडून देल्ला, मुन्शीले दे." मासा इतका ताजा होता की कल्ले अजून लाल होते. तिच्याकडे मांजर नाही. कुत्रेही नाही. मी उकंडाला विचारून घेतले.

कपाटावरची चंची काढली. लिंबाखाली गेलो, पाने काढली आणि चंची कबरीच्या डोक्याशी ठेवली. आज कोण जिंकले ते सांगितले. घसा बसलेला असल्यामुळे फारसे बोलता आले नाही.

घरी येऊन चूल पेटवली. कढई कोपऱ्यात होती. तिच्यात तेल घातले, मिरची-हळद लावून मासा तळला, एकट्यानेच खाल्ला. थोडा करपला. नंतर कढई राखेने घासली, धुतली, कोरडी केली, आतून बाहेरून तेलाचे बोट फिरवले. कणगीत हात खोल घालून ती तळाशी ठेवली आणि वरून ज्वारी सारखी केली.